'टेबललाही चालतो, हातातही चालतो': 2200 वॅटच्या राउटरची चिरफाड

राउटर म्हणजे लाकडात खाचा पाडायचं, कडा घडवायचं सुतारी यंत्र; त्यात बसणारं फिरतं कापणारं हत्यार म्हणजे बिट. तो हातात धरून किंवा टेबलाखाली उलटा बसवून चालवतात. जाहिरात अशी होती: '2200 वॅट, 12 एमएम, हेवी ड्यूटी राउटर. टेबलला लावा नाहीतर हातात धरा. सोबत 15 बिटची पेटी मोफत.' किंमत साडेपाच हजार, त्यातले पाचशे आगाऊ. घेणारा फर्निचरच्या कामात हात बसलेला कारागीर. तरी फसला, कारण त्याने वॅट पाहिले आणि लबाडी होती वायरमध्ये, कॉलेटमध्ये आणि त्या मोफत पेटीत. दीड महिन्यात मशीन कोपऱ्यात गेलं. त्याचा एकेक भाग उघडल्यावर काय दिसलं, ते असं.

आधी वॅट. 230 व्होल्टवर 2200 वॅट म्हणजे साडेनऊ अँपिअर. एवढ्या प्रवाहाच्या यंत्राला निदान 1 चौरस मिमीची वायर लागते. 0.75 ची वायर लावतात ती 6 अँपिअरपर्यंतच्या यंत्रांना, म्हणजे फार तर 1380 वॅट. हा आकडा वायरच्या आवरणावरच बारीक अक्षरांत उठवलेला असतो, आणि खोकं छापणाऱ्याच्या तो सहसा लक्षात राहत नाही. या मशीनच्या वायरवर 0.75 होतं. पाटीवर 2200 च्या पुढे लहान टायपात 'मॅक्स' असंही होतं. हा क्षणभराचा जोर; सतत चालवण्याचा आकडा 'रेटेड इनपुट' म्हणून लिहितात, आणि तो पाटीवर कुठेच नव्हता. विक्रेता एचपीत बोलू लागला तर 746 ने गुणून पाहावं. तीन एचपी म्हणजे 2238 वॅट, आणि तेही मोटरने बाहेर द्यायचे. आत घ्यायचे त्याहून बरेच जास्त. तुलनेसाठी, मकिताच्या साध्या 3612 वर 1650 वॅट लिहिलेलं असतं, मोठ्या आरपी2301एफसीवर 2100. साडेपाच हजारांचं बिननावाचं मशीन त्यांच्याही पुढे जात असेल, तर आधी वायर वाचावी.

खरं सांगायचं तर वॅट कमी निघाले हा त्यातला लहान गुन्हा. 1200-1300 वॅटच्या राउटरने सागाच्या फळीत 12 मिमीची खाच तीन-चार फेऱ्यांत नीट निघते. बिटची पकड सुटली, तर मात्र वॅट कितीही असोत, उपयोग नाही.

म्हणून कॉलेट. बिटची दांडी धरणारी ही चिरलेली पोलादी नळी म्हणजे राउटरचा जीव. आपल्याकडे दांड्या पाच मापांत मिळतात: 6, 6.35, 8, 12 आणि 12.7 मिमी. 6.35 म्हणजे दोन सूत, 12.7 म्हणजे चार सूत. बाजारात मात्र 12 ला आणि 12.7 ला दोघांनाही सर्रास 'अर्धा इंची' म्हणतात, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. या मशीनवर 12 मिमी लिहिलं होतं, आत कॉलेट 12.7 चं होतं. त्याने लेबल वाचून 12 चे बिट आणले. 0.7 मिमीची फट नट आवळला की वरवर बुजते, पण कॉलेट दांडीला पूर्ण लांबीवर न धरता फक्त कडेच्या एका कड्यावर धरतं. कापाचा ताण आला की बिट हळूहळू बाहेर सरकतो. टेबलात राउटर उलटा असल्याने बाहेर म्हणजे वर, त्यामुळे पट्टीच्या या टोकाला 6 मिमीची असलेली खाच त्या टोकाला 8 ची होते. कारागिराला वाटतं उंचीचं लॉक सुटलं. तो नट आणखी आवळतो, आणि तेवढ्याने कॉलेटला तडा जातो.

याची खूण दांडीवरच असते. बिट काढून पाहावा: काळपट किंवा चकचकीत वळं उमटलेली दिसली, तर तो आत फिरतो किंवा सरकतो आहे. तो बिट आणि ते कॉलेट, दोन्ही बाद.

दुकानात तपासायला वर्नियर कॅलिपर न्यावा, पण कॉलेटचं भोक मोजत बसू नये. ते चिरलेलं असल्याने माप फसवं येतं. त्यापेक्षा दांडी 12.70 भरणारा एखादा चांगला बिट बरोबर ठेवावा. तो किंचित अडत, सरळ आत जायला हवा, 12.00 ची दांडी त्यात खुळखुळली की माप कळलं. मग 12.70 चा बिट पूर्ण आत घालून 2-3 मिमी मागे ओढायचा (तळाला टेकवून आवळला तर पकड बसत नाही, चांगल्या मशीनमध्येही), नट आवळायचा आणि प्लग काढलेला असताना हाताने फिरवायचा. दांडीवर डायल गेज टेकवला तर काटा 0.05 मिमीहून जास्त हलू नये. गेज नसेल तर स्टीलची पट्टी दांडीच्या अगदी जवळ घट्ट धरून फटीतला उजेड पाहावा; तो फिरताना कमीजास्त होत असेल तर मशीन परत. या मशीनचा बिट डोळ्यांना दिसेल इतका डोलत होता.

राहिले अडॉप्टर. लहान दांड्यांसाठी 8 आणि 6 च्या चिरलेल्या नळ्या दिल्या होत्या. त्या एकात एक बसवल्या की प्रत्येकीचा डोल बेरजेत येतो. मोफत पेटीतल्या बिटांच्या दांड्या निघाल्या 6.35 च्या: 6 च्या नळीत जात नाहीत, 8 च्या नळीत सैल. म्हणजे पंधराच्या पंधरा बिट त्या मशीनला लावताच येत नव्हते. दांडीला पत्रा गुंडाळून बसवणारे असतात. मिनिटाला वीस हजार फेरे घेणाऱ्या धारेशी हा खेळ करू नये. बिटही तपासण्यासारखे होते. कार्बाइडच्या पात्या कागदासारख्या पातळ, आणि पाती-दांडीच्या मधल्या पितळी जोडात डोळ्यांना दिसणारी छिद्रं. तो जोड पूर्ण भरलेला नसेल तर पाती उडून येते.

वेगाबद्दल जाहिरात गप्प होती, पण खोक्यावरच्या चित्रात दाराच्या पॅनेलची कड काढणारा मोठा बिट होता. मशीन एकाच वेगाचं, मिनिटाला 22,000 फेऱ्यांचं. 80 मिमी व्यासाचा बिट त्या वेगाने फिरवला तर धारेची गती सेकंदाला 92 मीटर होते, म्हणजे ताशी 330 किलोमीटरच्या वर. सर्वसाधारण नियम असा: 25 मिमीपर्यंतच्या बिटला 22 ते 24 हजार, 50 पर्यंत 18 हजार, 65 पर्यंत 16 हजार, त्याहून मोठ्याला 12 हजार किंवा कमी. तेव्हा टेबलवर मोठे बिट चालवायचे असतील तर वेग बदलण्याची चकती हवीच. ती नुसती बसवलेली नाही ना, तेही पाहावं: 1 वरून 6 वर नेताना आवाज स्पष्ट चढला पाहिजे. 'वेगळा रेग्युलेटर लावा' असा सल्ला दुकानात मिळतो. त्याने फेरे कमी होतात, पण लाकूड लागताच मशीन आणखी मंदावतं, कारण भार ओळखून वेग टिकवणारं सर्किट त्यात नसतं.

आता 'टेबललाही चालतो' हे वाक्य. प्लंज राउटर (ज्याची मोटर दोन खांबांवर वर-खाली सरकते तो) उलटा टांगला की त्याच्या स्प्रिंगा मोटरला खाली ढकलतात, आणि आपल्याला बिट वर हवा असतो. उंची अर्ध्या मिलिमीटरने सरकवण्यासाठी बारीक आट्यांचा स्क्रू लागतो. तो या मशीनला नव्हता. नुसती लॉकची कळ, तीही थरथरीने सुटणारी. दोन खांबांवरची बुशं सैल होती. लॉक सोडून एकाच मुठीवर दाब द्यावा: मशीन तिरकं होऊन अडकलं, तर टेबलातही ते कधी काटकोनात उभं राहणार नाही. बेसचं भोक 30 मिमीचं, म्हणजे मोठा बिट वर येणारच नाही. बेसला टेबलच्या प्लेटवर बसवायची भोकं आटे पाडलेली असावीत आणि स्क्रू हाताने पूर्ण आत जावा. नरम ॲल्युमिनियमचे आटे दुसऱ्याच वेळी वाहून जातात. मशीन 18 मिमी प्लायला थेट लटकवलं तर बिटची तेवढी उंची वाया जाते, म्हणून मध्ये 6 मिमीची ॲल्युमिनियम प्लेट लागते.

स्विचकडे फारसं कोणी पाहत नाही. दाबून धरायचा, सोडला की बंद होणारा स्विच हातात उत्तम. टेबलखाली मात्र लोक तो रबराने बांधून टाकतात. मग वीज जाते, मशीन थांबतं, कारागीर बिटजवळ हात नेतो आणि वीज परत येते. भारनियमन अनुभवलेल्या गावात हे समजावून सांगायला नको. टेबलाला वेगळा, वीज गेल्यावर आपोआप तुटणारा आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय न जोडणारा स्विच हवा. तो नसेल तर 'टेबलसाठी' हा शब्द विकणाऱ्याने फुकट वापरला आहे. टेबलाच्या तयार साच्यासोबत लाकूड ढकलायची दिशाही कुणी सांगत नाही: हातात राउटर समोरच्या कडेवरून डावीकडून उजवीकडे न्यायचा, टेबलावर मात्र लाकूड उजवीकडून डावीकडे. उलट केलं तर बिट लाकूड हिसकावून नेतो.

मग घ्यावं काय? एकाच मशीनने दोन्ही कामं करायची असतील तर 1600 वॅटच्या आसपासचं, 12.7 आणि 8 ची स्वतंत्र कॉलेटं असलेलं, वेग बदलणारं, आणि स्थिर व प्लंज असे दोन बेस मिळणारं मशीन. स्थिर बेस टेबलात कायमचा राहतो, मोटर काढून-घालून चालते. आमचं मत मात्र दोन मशीनांचं आहे: टेबलात एक मोठं कायम, आणि हातात 500 ते 700 वॅटचं ट्रिमर, म्हणजे छोटा राउटर. सनमायकाची कड, कडेचा लहान गोळा, बिजागरीची खाच यांसाठी सहा किलोचं धूड उचलण्यात अर्थ नाही.

पैसे देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: याच मॉडेलचं आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आणि कॉलेट कुठे मिळतं, आणि केवढ्याला? उत्तर 'मिळेल कुठेही' असं आलं तर ते मिळत नाही. या मशीनच्या वॉरंटीतून कार्बन ब्रश, आर्मेचर, फील्ड कॉइल आणि स्विच वगळले होते. उरलं काय, तर मूठ. बिलावरचा जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, गोव्यातला 30 ने, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. इथे बिल नव्हतंच, 'डिलिव्हरी चलन' होतं. आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि किंमत छापलेली असावी लागते. खोकं उघडताना सलग व्हिडिओ करावा, त्यात पाटी आणि वायरवरचं छापील माप दिसू द्यावं.

'धंद्यासाठी घेतलंत, म्हणून ग्राहक कायदा लागत नाही' हे उत्तर हमखास मिळतं. ते खोटं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी वस्तू घेणाराही ग्राहकच आहे. तक्रार 1915 या हेल्पलाइनवर करता येते. जिल्हा आयोगात दावा स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही टाकता येतो, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. ऑनलाइन आगाऊ पैसे घेऊन माल पाठवलाच नाही, तर तो सायबर गुन्हा: 1930 वर फोन लगेच करावा, पैसे पुढे सरकण्याआधी.

मशीन परत जाण्याची शक्यता संपली असेल, तर आधी दोन्ही अडॉप्टर भंगारात टाकावेत. कॉलेट सरळ असेल आणि बिट डोलत नसेल तर फक्त 12.7 दांडीचे, 25 मिमीपेक्षा लहान बिट लावावेत, एका फेरीत 3-4 मिमीच काढावं, आणि ते हातातच वापरावं. बिट डोलत असेल तर वायर कापून ठेवावी, नाहीतर दुकानातलं पोरगं एखाद्या दिवशी ते प्लगला लावतं.