व्हर्च्युअलबॉक्स: विंडोज ११ वर जुनं फॉक्सप्रो चालवायचंय तर हेच घ्या

नारायण पेठेत आमचा छोटा प्रेस आहे, बिलिंग अजून डॉसच्या (विंडोजआधीच्या जुन्या सिस्टिमच्या) फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅमवर. नवीन पीसी आला आणि प्रोग्रॅम उघडेचना. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं आणि त्यावर असे डॉसच्या काळातले १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, त्यामुळे जुन्या प्रोग्रॅमसाठी असलेल्या कम्पॅटिबिलिटी मोडशी खेळत बसू नका, वेळ जातो नुसता. दुकानवाले सरळ नवीन सॉफ्टवेअर घ्या म्हणतात, पण इतक्या वर्षांची खाती कोण भरणार परत?

ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे पीसीच्या आत दुसरा आभासी पीसी चालवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे, त्यात आमच्या जुन्या सीडीवरून ३२ बिट विंडोज एक्सपी टाकलं, १ जीबी रॅम दिली, भरपूर होते, आणि आता पार्टीचं नाव टाकून एंटर मारला की उधारी समोर, अगदी पहिल्यासारखी. स्नॅपशॉट तर फारच कामाचं, काही बिघडलं की मागची स्थिती परत आणता येते.

कटकट फक्त प्रिंटची. डॉसला एलपीटी पोर्ट (जुन्या प्रिंटरची केबल लावायची जागा) लागतो, नव्या पीसीला तो नसतोच, म्हणून बिल फाइलमध्ये काढायचं, शेअर्ड फोल्डरमधून इकडे विंडोज ११ मध्ये आणायचं आणि मग प्रिंट मारायची. त्या फोल्डरसाठी एक्सपीमध्ये गेस्ट अ‍ॅडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचं पूरक सॉफ्टवेअर) आठवणीने टाका. एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच संपलाय, तेव्हा आतल्या एक्सपीचं नेट बंदच ठेवा. चार स्टार, एक प्रिंटिंगपायी कापला.