भंवरकुआंचा जावा क्लास: सर छान, नोट्स सांभाळून

भाचीला बीसीएला (कॉम्प्युटरची पदवी) जावा ही प्रोग्रामिंगची भाषा आहे म्हणून इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या एका क्लासला घातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. सर शिकवतात मस्त, यात वाद नाही. मधेमधे "समझे कि नी भिया" चालूच असतं, त्यामुळे दुपारच्या बॅचलाही पोरं पेंगत नाहीत.

पण नोट्स! झेरॉक्सच्या गठ्ठ्यात ऑपरेटरच्या, म्हणजे बेरीज-गुणाकारासारख्या चिन्हांच्या, तक्त्यात ^ च्या पुढे चक्क 'घात' छापलंय. पोरीने १० ^ २ करून पाहिलं तर स्क्रीनवर ८. बसली बिचारी कुठे सेमीकोलन सुटलाय ते शोधत, आणि एरर म्हणाल तर एकही नाही, प्रोग्राम गुपचूप चालतो न् उत्तर भलतंच देतो. "मावशी, कॉम्प्युटरच बिघडलाय" इथपर्यंत गाडी आली होती. मी दिवसभर अकाउंट्सचं एक्सेल करते, तिथे ह्याच चिन्हाने बरोब्बर १०० येतात, मग नव्या पोरांना छापलेलं खरं वाटणारच ना.

डाउट सेशनला सरांनी मात्र फळ्यावर मांडून दाखवलं. जावात ^ म्हणजे एक्सॉर. १० चे बिट, म्हणजे कॉम्प्युटरच्या ०-१ मधलं रूप, १०१०, २ चे ००१०, बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०, आले १०००, म्हणजे ८. घाताला जावात ऑपरेटरच नाही, मॅथ डॉट पॉव (Math.pow) वापरा, आणि नुसता वर्ग हवा असेल तर सरळ आकड्याला आकड्याने गुणा. पॉवचं उत्तर डबलमध्ये (दशांशाचा आकडा) येतं, १००.०, ते इंटमध्ये (पूर्णांक) तसंच ठेवायला गेलं की प्रोग्राम तपासणारा कंपायलर अडवतो, कास्ट करावं लागतं, म्हणजे प्रकार बदलून घ्यावा लागतो.

मग चक्रवाढ व्याज घेतलं, १०,००० रुपये, ८ टक्के, ३ वर्षं, आणि रक्कम आली तेवढीच १०,०००! कारण ८/१०० दोन्ही इंट, भागाकारही पूर्णांकातच, म्हणून शून्य. १००.० ने भागलं तेव्हा कुठे १२,५९७ रुपये १२ पैसे झाले. हे त्यांनी आधी चुकू देऊन मग सांगितलं, मला हे फार आवडलं.

नोट्सचं ऑफिसात सांगून आले, "हो मॅडम, करवतो" म्हणाले, नव्या बॅचला तोच गठ्ठा वाटला. लॅबमधले कॉम्प्युटर ठीक, फी हप्त्यात चालते, पार्किंगच्या नावाने शिमगा.

पाचपैकी साडेतीन. घालायचं तर डाउट सेशन असलेलीच बॅच घ्या आणि तक्त्यातली ती ओळ पहिल्याच दिवशी पेनाने खोडा.