डोमेनला पैसे, बाकी फुकट: गिटहब पेजेसवर केलेला माझा पोर्टफोलिओ

मी देवगडला राहते आणि ग्राफिक डिझाइनची कामं घेते, म्हणजे हापूसच्या पेट्यांची लेबलं, होमस्टेचे बोर्ड, खानावळींची मेनूकार्डं, कोकम सरबताच्या बाटलीवरचे स्टिकर, मधूनच एखादी लग्नपत्रिका. इतकी वर्षं कोणी काम दाखवा म्हणालं की व्हॉट्सअॅपवर वीस-पंचवीस फोटो टाकायचे, ते दाबले जाऊन असे जायचे की लेबलवरची बारीक अक्षरं वाचताच यायची नाहीत. मागच्या डिसेंबरात पुण्याच्या एका आंबेवाल्यांचा फोन आला, बोलणं मस्त झालं, रेटही पटला आणि शेवटी ते म्हणाले, "मॅडम, पोर्टफोलिओची लिंक टाका ना, पार्टनरला दाखवतो." लिंक नव्हती. ४० एमबीची पीडीएफ पाठवली, ती दोन दिवस कोणी उघडली नाही आणि तिसऱ्या दिवशी काम दुसरीकडे गेलं. लेबलाचं काम सीझनच्या तोंडावर गेलं की मग वर्षभर येत नाही, त्यामुळे ते फार लागलं मला.

त्याच्याही आधी एकदा वेबसाइटवर पैसे घालवून बसले होते. एका होस्टिंग कंपनीकडे, नाव घेत नाही. पहिल्या वर्षी अगदीच स्वस्त, दुसऱ्या वर्षी रिन्यूअलचा आकडा जवळजवळ चौपट, आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, पॅकेजसोबत फुकट म्हणून त्यांनी त्यांच्याच खात्यात घेतलेलं, त्यामुळे दुसरीकडे हलवायचं म्हटलं तर हलवता येईना. मेल वर मेल केले, शेवटी सोडून दिलं. त्या पत्त्याची व्हिजिटिंग कार्डं छापून वाटलेली होती, ती सगळी फुकट गेली. म्हणून ह्यावेळी ठरवलं की पैसे फक्त डोमेनला द्यायचे, ते माझ्या मेल आयडीवर, माझ्या खात्यात, आणि साइट जिथे ठेवायची ती जागा फुकटची आणि कधीही बदलता येईल अशी हवी.

बघितलं बरंच. गुगल साइट्स फुकट आहे आणि सोपं आहे पण माझ्या लेबलांना तिथे हवी तशी मांडणी जमेना. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट प्लॅनमध्ये त्यांच्या जाहिराती येतात, आपल्या कामाच्या शेजारी दुसऱ्याची जाहिरात मला नको होती. बिहॅन्सवर डिझाइनवाले लोक बघतात, तिथे खातं असावंच, पण आमच्याकडचा बागायतदार किंवा होमस्टेवाला तिथे जाऊन थोडीच बघणार आहे. कार्ड नावाचं एक आहे, एकपानी साइट करायला खरंच छान, फुकटात तीन साइट करता येतात, पण स्वतःचं डोमेन जोडायचं तर मी बघितलं तेव्हा वर्षाला १९ डॉलरचा प्लॅन होता. ज्यांना कोडला हातच लावायचा नाही त्यांनी तेच घ्यावं असं मी सांगेन.

मी गिटहब पेजेसवर आले. गिटहब म्हणजे प्रोग्रामर लोक कोड ठेवतात ती जागा, २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची, आणि पेजेस ही त्यांची सोय २००८ पासून आहे. मावसभाऊ कुडाळला असतो, तो इंजिनिअर, त्याने फोनवर अर्ध्या तासात समजावलं. खातं काढायचं, आपलं युजरनेम आणि पुढे डॉट गिटहब डॉट आयओ ह्या नावाची रिपॉझिटरी, म्हणजे फाइली ठेवायचं फोल्डरच, करायची, तिच्यात इंडेक्स डॉट एचटीएमएल फाइल आणि फोटो टाकायचे, सेटिंग्जमध्ये पेजेसवर जाऊन ब्रँच, म्हणजे फाइलींची कोणती प्रत दाखवायची ते, मेन आहे ना बघायचं, सेव्ह. दोन-तीन मिनिटांत साइट लाइव्ह. एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची भाषा, मी कॉलेजात शिकलेले तेवढंच, बाकी एक फुकट टेम्प्लेट घेतलं आणि त्यातला पसारा काढत काढत चार विभाग ठेवले: आंबा, होमस्टे, खानावळ, इतर.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट अशी अडली की रडायचीच बाकी होते. लॅपटॉपवर सगळे फोटो दिसत होते, साइटवर त्यातले निम्मे गायब, नुसत्या रिकाम्या चौकटी. तासभर कोड उलटापालटा केला. झालं होतं असं की कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलींच्या नावात शेवटचं जेपीजी कॅपिटलमध्ये होतं आणि मी कोडमध्ये स्मॉलमध्ये लिहिलेलं. विंडोजला दोन्ही सारखंच, तिकडच्या सर्व्हरला दोन्ही वेगळं. सगळी नावं स्मॉलमध्ये केली, मधल्या स्पेस काढल्या, लगेच सगळं दिसायला लागलं. कोणी करणार असाल तर हे आधीच करून घ्या.

आता फोटोंचं सांगते, कारण माझ्या मते पोर्टफोलिओ चालतो की पडतो ते इथेच ठरतं. आमच्याकडे बाजारात नेटवर्क ठीक असतं पण वाडा गावाच्या पुढे बागेत गेलात की एक कांडी, पावसात तर तीही नाही. माझा गिऱ्हाईक तिथे बसलेला असतो. कॅमेऱ्यातला फोटो आठ-नऊ एमबीचा, तो तसाच टाकला तर त्याला माझं काम दिसणारच नाही, नुसतं गोल फिरताना दिसेल. स्क्वूश म्हणून गुगलच्या क्रोमवाल्यांचं एक फुकट टूल आहे, ब्राउझरमध्येच चालतं, त्यात प्रत्येक फोटो १६०० पिक्सेल रुंदीवर आणला आणि वेबपी फॉरमॅटमध्ये सेव्ह केला, क्वालिटी ७५ च्या आसपास. नऊ एमबीचा फोटो दोनशे केबीवर येतो आणि लेबलवरचं 'पाच डझन' सुद्धा नीट वाचता येतं. बावीस फोटोंची माझी आख्खी साइट पाच एमबीच्या आत आहे. गिटहबची मर्यादा एक जीबीची आहे आणि महिन्याला १०० जीबी ट्रॅफिकपर्यंत ते काही म्हणत नाहीत, म्हणजे आपल्यासारख्यांना ती कधी आठवायचीही गरज नाही. शिवाय मोबाइलवर काढलेल्या फोटोत लोकेशन लपलेलं असतं, गिऱ्हाइकाच्या घरी काढलेले फोटो टाकण्याआधी ते काढून टाका.

एक चूक मात्र गंभीर झाली. फुकट खात्यावर पेजेस वापरायचं तर रिपॉझिटरी पब्लिक ठेवावी लागते, म्हणजे तिच्यातली प्रत्येक फाइल कोणालाही उघडता येते, साइटवर तिची लिंक असो नसो. फोटोंच्या फोल्डरसोबत एका गिऱ्हाइकाचं कोटेशनही चढलं, त्यावर रेट आणि त्यांचा मोबाइल नंबर. लक्षात आल्यावर डिलीट केलं, पण भावाने सांगितलं की हिस्टरीत, म्हणजे गिटहब जुने बदल जपून ठेवतं तिथे, ते राहतंच, मागे जाऊन कोणीही काढू शकतो. मग आख्खी रिपॉझिटरी उडवली आणि परत नव्याने केली. त्या काकांना फोन करून सांगितलंसुद्धा, त्यांचा नंबर होता, त्यांना कळायला हवं होतं.

अक्षरांवर मी जास्त वेळ दिला आणि त्याचा मला आनंद आहे. मराठी लेबलं करणाऱ्या बाईच्या साइटवर मराठी अक्षर बेंगरूळ दिसलं तर काय उपयोग. मजकुराला मुक्ता घेतला, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांचा फॉन्ट, फुकट आहे, आणि मथळ्यांना तिरो देवनागरी मराठी, ज्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. हिंदी वळणाचा ल पेटीवर बघितला की मला अजून खटकतो. पानाच्या कोडमध्ये सुरवातीला भाषा म्हणून एमआर (मराठीची खूण) लिहायला विसरू नका, काही फॉन्ट ते बघूनच मराठी अक्षरं लावतात. आणि फॉन्टची दोनच वजनं, म्हणजे जाडी, घ्या, जास्त घेतली की पान परत जड.

डोमेन मी डॉट इन घेतलं, जीएसटी धरून वर्षाला सातशेच्या आसपास पडलं. मनात खरं डॉट भारत होतं, देवनागरीतला पत्ता, २०१४ पासून मिळतो आणि मराठीतही घेता येतो. पण काही ठिकाणी तो पेस्ट केला की एक्सएन आणि दोन डॅश असं सुरू होणारं काहीतरी दिसतं, गिटहबमध्येही तसंच भरावं लागतं, आणि गिऱ्हाईक म्हणेल ही कसली फसवी लिंक. म्हणून तूर्त राहू दिलं. डोमेन जोडताना डीएनएसमध्ये, म्हणजे हा पत्ता कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, गिटहबचे चार आयपी आकडे भरायचे, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी सीनेम नावाची एक नोंद, झालं. मग थांबायचं, चोवीस तासही लागू शकतात. मी हे केलं त्या संध्याकाळी लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली, आली तेव्हा साइट माझ्या पत्त्यावर उघडत होती. एचटीटीपीएसची, म्हणजे सुरक्षित जोडणीची, टिक नंतर आठवणीने करायची, ती फुकट आहे, नाहीतर ब्राउझर नॉट सिक्युअर दाखवतो.

कमी काय आहे तर साइट स्टॅटिक, म्हणजे नुसती तयार पानं दाखवणारी, असल्यामुळे संपर्काचा फॉर्म आपोआप चालत नाही. मी फॉर्म ठेवलाच नाही, व्हॉट्सअॅपची क्लिक टू चॅट लिंक दिली, दाबलं की 'नमस्कार, लेबलाबद्दल बोलायचं होतं' हा मजकूर तयार येतो, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे फॉर्म कोणी भरलाही नसता. किती लोक बघून गेले ते गिटहब सांगत नाही. सगळं इंग्रजीत आहे. आणि तिथे दुकान मांडता येत नाही, ऑनलाइन विक्रीच्या साइटसाठी ही सोय नाही असं त्यांनी नियमांत लिहिलेलं आहे, म्हणजे ज्यांना आंबे विकायचेत त्यांनी ह्या वाटेला जाऊ नये. लॉगिनला टू फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत मोबाइलवरचा कोड, लावलंत की रिकव्हरी कोड वहीत लिहून ठेवा, आमच्या दमट हवेत मोबाइल कधी दगा देईल नेम नाही.

वर्षाचा खर्च डोमेनचे सातशे, बस. जानेवारीत लिंक पाठवायला लागल्यापासून चार कामं त्यावरून आली, एक कुणकेश्वरच्या होमस्टेचं, दोन पेट्यांची, आणि एक मुंबईहून, ज्यांना मी अजून भेटलेलेही नाही.

परवा वाड्याच्या पुढच्या एका बागेत लेबलाचा फोटो काढायला गेले होते, ह्या वर्षीची पेटी जुन्याच्या जागी टाकायची होती. मालक काका कलमाखाली बसलेले, मी त्यांनाच मोबाइलवर साइट उघडायला लावली, नेटवर्क एक कांडी. पान आलं, मग एकेक करत लेबलं आली, आणि त्यांचं लेबल आल्यावर त्यांनी दोन बोटांनी मोठं करून खालची ओळ वाचली. "बागेचा नाव दिसता गो, सगळा वाचूक येता," म्हणाले, आणि तिथूनच मुंबईच्या भावाला लिंक पाठवून दिली.