स्वयंपाकघर, माती, विकतचा संच की कृतिपत्रिका: तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी घरी काय निवडावे?

जून जवळ आला की नाशिकमधील पालकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो. मूल बालवाडीत जाणार आहे किंवा जाऊ लागले आहे, तर घरी त्याच्याकडून काय करून घ्यावे? मेन रोडवरील दुकानांत लेखनसरावाच्या वह्यांचे गठ्ठे लागलेले असतात, भ्रमणध्वनीवर दरमहा घरपोच येणाऱ्या शैक्षणिक खोक्यांच्या जाहिराती येत राहतात आणि घरातील आजी मात्र नातवासमोर मटाराच्या शेंगांची परात ठेवून मोकळी होते. घरगुती कामे, माती आणि कणीक, विकतचे संच आणि छापील कृतिपत्रिका असे चार पर्याय प्रामुख्याने समोर असतात. चारही पर्यायांचे समर्थन करणारे लोक भेटतात, त्यामुळे निवड करण्यासाठी एखादी कसोटी हाताशी असणे आवश्यक ठरते.

मी जी कसोटी वापरते ती अशी: काम करताना झालेली चूक मुलाला कोणी न सांगता दिसते का? इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो या कष्टकरी वस्तीत पहिले बालगृह सुरू केले आणि पुढे त्यांच्या शैक्षणिक साहित्याच्या रचनेत या तत्त्वाला मध्यवर्ती स्थान मिळाले. त्यांच्या साहित्यात वेगवेगळ्या मापांच्या खाचा असलेली एक लाकडी पट्टी आणि त्यांत बसणारे दट्ट्ये, म्हणजे मूठ असलेले लाकडी दंडगोल असतात. दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला तर शेवटी एक दट्ट्या उरतोच. मुलाला तो दिसतो आणि ते पुन्हा मांडू लागते. मोठ्या माणसाने 'चुकलास' म्हणण्याची वेळ येत नाही. ज्या कामात अशी सोय असते, त्या कामात मूल एकटे रमते आणि तेच काम पुन्हा पुन्हा करते. या वयात शिकणे बहुतांशी अशा पुनरावृत्तीतूनच होते.

घरातील कामे आणि विकतचे संच

या कसोटीवर स्वयंपाकघर फार चांगले उतरते. ओतण्याचे उदाहरण घ्या. लहान तांब्यात अर्ध्यापर्यंत तांदूळ घ्यावेत, खाली परात ठेवावी आणि मुलाला ते दोन वाट्यांत ओतायला सांगावे. सांडलेले दाणे परातीत दिसतात, ते वेचून परत तांब्यात टाकणे हाही कामाचाच भाग असतो. हात स्थिर झाला की तांदळाच्या जागी पाणी घ्यावे, नंतर पेल्यावर एक रेघ ओढून 'इथपर्यंत' असे सांगावे, त्यानंतर गाळणी किंवा नरसाळे द्यावे. एकाच कामाच्या अशा चार पायऱ्या होतात आणि प्रत्येक पायरीवर मनगटाचे नियंत्रण थोडे वाढते. यासाठी भातुकलीतील प्लॅस्टिकची भांडी वापरू नयेत. भांडी बाजारात मिळणारी स्टीलची किंवा पितळेची लहान पण खरी भांडी घ्यावीत, कारण त्यांना वजन असते आणि ती आपटली की आवाज होतो. त्या आवाजावरूनच मूल भांडे हळू ठेवायला शिकते.

निवडण्याच्या कामाचेही तसेच आहे. सुरुवातीला राजमा आणि छोले असे दोनच प्रकार एकत्र करावेत, ते सहज जमू लागले की वाल घालावेत आणि पाच वर्षांच्या मुलाला डोळे मिटून केवळ स्पर्शाने वेगळे करायला सांगावे. मटार सोलण्यात बोटांना मिळणारा व्यायाम कोणत्याही संचात सापडत नाही, आणि शिवाय प्रत्येक शेंगेतील दाण्यांची संख्या वेगळी असल्याने मोजण्याला खरे कारण मिळते. पाच म्हणताना पाचव्या दाण्यावर बोट असणे आणि 'एकूण किती?' या प्रश्नाला पुन्हा न मोजता 'पाच' असे उत्तर देणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारे मूल दुसऱ्या पायरीवर अनेकदा अडते. त्यामुळे पाठांतरावरून अंकज्ञानाचा अंदाज बांधू नये.

हातरुमालाची घडी घालणे, कपडे वाळत घालताना चिमटे लावणे, डब्यांना त्यांची झाकणे बसवणे, शर्टाची बटणे लावणे ही कामेही याच जातीची आहेत. झाकण बसते किंवा बसत नाही, मधला निकाल नसतो.

मग विकतच्या लाकडी संचांची गरज कुठे उरते? ती उरते, आणि त्याचे कारण नेमके आहे. मॉन्टेसरी पद्धतीतील गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात. सर्वांत लहान ठोकळ्याची बाजू एक सेंटिमीटर आणि सर्वांत मोठ्याची दहा सेंटिमीटर असते, रंग मात्र सर्वांचा एकच असतो. बदलते ते केवळ आकारमान, त्यामुळे मुलाचे सगळे लक्ष त्या एका गुणाकडे जाते. घरातील डब्यांत उंची, रंग, वजन आणि चकाकी हे सगळे एकाच वेळी बदलते. लहान-मोठे हा क्रम लावताना गोंधळणाऱ्या मुलाला असा काटेकोर संच उपयोगी पडतो, आणि घर बांधणे, पूल करणे अशा खेळांसाठी साध्या लाकडी ठोकळ्यांना तर पर्यायच नाही. ठोकळे एकदा घेतले की अनेक वर्षे टिकतात आणि मूल मोठे होत जाते तसा त्यांचा खेळही बदलत जातो.

खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी हे चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून भारतात बंधनकारक आहे. रंगाचे पोपडे निघणारे किंवा उग्र वासाचे लाकडी खेळणे स्वस्त असले तरी घेऊ नये.

दरमहा येणाऱ्या खोक्यांबाबत माझे मत ठोकळ्यांइतके अनुकूल नाही. त्यांतील बरेचसे साहित्य आधीच कापलेले असते, मुलाने ते चिकटवायचे असते आणि तयार होणारी वस्तू खोक्यावरील चित्रासारखी दिसावी अशी अपेक्षा असते. ते काम थोड्या वेळात संपते आणि पुन्हा करता येत नाही. पुनरावृत्तीची संधीच नसेल तर आपल्या कसोटीला अर्थ उरत नाही. त्यांचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यांतील पाळ्या सांभाळून घरी परतणाऱ्या पालकांना पूर्वतयारीसाठी वेळ नसतो आणि खोक्यात सगळे तयार मिळते. अशा घरांसाठीही मी खोक्याऐवजी एक कायमची टोपली सुचवेन, जिच्यात दोन वाट्या, एक चिमटा, बरणीत मिसळलेली कडधान्ये आणि एक पुसायचे फडके सदैव ठेवलेले असेल. टोपली काढायला आणि आवरायला फारसा वेळ लागत नाही.

स्थानिक वस्तूंनी हे सगळे साधते हे महाराष्ट्रात फार पूर्वी सिद्ध झालेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, नंतर ते काम आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या आजच्या पालघर जिल्ह्यात, कोसबाड येथे बहरले, आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे नेले. महागडे साहित्य आदिवासी पाड्यांवर परवडणारे नव्हते, म्हणून बिया, खडे, शिंपले, पाने यांनाच त्यांनी शैक्षणिक साहित्याचा दर्जा दिला. पैशांची अडचण नसलेल्या घरांनीही तो मार्ग स्वीकारण्यासारखा आहे.

माती, कणीक आणि रंगीत क्ले

येथे आपली कसोटी बाजूला ठेवावी लागते, कारण मातीकामात चूक असे काही नसतेच. मातीचे मोल वेगळे आहे: मुलाच्या मनातील कल्पना हाताने घडवता येते आणि आवडली नाही तर मोडता येते.

तिन्ही पदार्थांत माझी पसंती शाडूच्या मातीला आहे. ती गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यांत सहज मिळते, मळायला जोर लागतो, त्यामुळे तळहात आणि खांद्यापर्यंतचे स्नायू कामाला लागतात, आणि वाळलेली वस्तू फोडून पाण्यात भिजवली की पुन्हा तीच माती हाती येते. मूल हे सगळे पाहते तेव्हा भिजणे, वाळणे, तडकणे या क्रिया त्याला अनुभवातून कळतात. अडचण पसाऱ्याची आहे. ज्या सदनिकेत गॅलरी नाही तिथे रोज माती काढणे कठीण होते, आणि घरातील मोठी माणसे सतत 'सांडू नकोस' म्हणणार असतील तर मातीचा उपयोगही होत नाही.

अशा घरात रंगीत क्ले चालतो. तो मऊ असल्यामुळे तीन वर्षांच्या लहान बोटांना सोपा जातो, मात्र त्याला जोर कमी लागतो. कणीक या दोन्हींच्या मध्ये बसते. अजून वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाला साधी कणीकच द्यावी. दोन वाट्या कणकेत एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तेवढे पाणी घालून मळलेला गोळा काही दिवस टिकतो, परंतु त्यातील मिठाचे प्रमाण फार असल्याने तो पोटात जाणे धोक्याचे आहे. स्वयंपाकाच्या वेळी साध्या कणकेचा एक उंडा मुलाला देऊन त्याची लाटलेली वेडीवाकडी पोळी तव्यावर भाजून त्याच्याच ताटात वाढावी. आपल्या हातची वस्तू घरात उपयोगी पडते ही जाणीव क्लेच्या कोणत्याही डब्यातून मिळत नाही.

कृतिपत्रिका आणि पाटी

छापील कृतिपत्रिका पालकांना का आवडतात हे मला समजते. त्या फायलीत लावता येतात, नातेवाइकांना दाखवता येतात आणि आज काय झाले याचा पुरावा राहतो. परंतु आपल्या कसोटीवर त्या उतरत नाहीत. चार सफरचंदांसमोर मुलाने तीन लिहिले तर कागद काहीच बोलत नाही. मोठ्या माणसाने लाल पेन घेऊन येईपर्यंत ती चूक तशीच राहते, आणि मग मूल कामाकडे पाहण्याऐवजी त्या पेनकडे पाहू लागते. शिवाय तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाताचे लहान स्नायू आणि मनगटातील हाडे अद्याप विकसित होत असतात, त्यामुळे बारीक रेघांत लिहिण्याचा आग्रह धरल्यास पेन्सिल चुकीच्या पद्धतीने घट्ट धरण्याची सवय लागू शकते.

याच्या शेजारी रव्याचे ताट ठेवून पाहा. ताटात रव्याचा पातळ थर पसरावा, मुलाने बोटाने आकार काढावा, ताट हलवले की पाटी कोरी होते. त्यानंतर जमिनीवर खडू, मग पाटी-पेन्सिल, आणि शेवटी कागद असा क्रम ठेवल्यास मोठ्या हालचालींकडून लहान हालचालींकडे जाता येते. अक्षरांचा क्रम बाराखडीच्या तक्त्याप्रमाणेच असावा असे नाही. ग, म, भ, न ही अक्षरे आकाराने एकमेकांजवळची आहेत म्हणून पूर्वीपासून एकत्र शिकवली जातात आणि ते शहाणपणाचे आहे. व, ब, क यांचीही अशीच जोडणी करता येते. मात्र आकाराच्या आधी ध्वनी यायला हवा. घरात फिरताना 'प' ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधाव्यात: पंखा, परात, पायपुसणे, पोळपाट. या खेळाला साहित्य लागत नाही आणि प्रवासात, रांगेत, अंथरुणावर कुठेही तो खेळता येतो. पाच वर्षांनंतर ठिपक्यांची रांगोळी द्यावी. एक ठिपका सुटला की आकृती जुळत नाही, म्हणजे चूक आपोआप दिसते, आणि मोजणे, दिशा व सममिती एकाच वेळी सरावात येतात.

शाळा कृतिपत्रिकांचा आग्रह धरत असेल तर पाच वर्षांपुढील मुलाला दिवसाला एखादे पान देण्यास हरकत नाही. परंतु राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळ व कृती यांवर भर दिलेला आहे, हे पालकसभेत शांतपणे सांगण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. शालेय अभ्यासक्रम आखणाऱ्या एनसीईआरटीने २०२३ मध्ये आणलेल्या 'जादुई पिटारा' या संचातही खेळणी, कोडी, बाहुल्या आणि चित्रकार्डे आहेत.

पडद्यावरील शैक्षणिक खेळांचा मी स्वतंत्र पर्याय म्हणून विचार केलेला नाही. पाणी ओतण्याचे चित्रण पाहून हात स्थिर होत नाही. शिवाय दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे.

कोणत्या घराने काय घ्यावे

पंचवटीतील जुन्या घरात आजी-आजोबा दिवसभर सोबत असतील तर काहीही विकत घेऊ नये. आजीला फक्त एवढेच सांगावे की मुलाचे काम संथ झाले तरी ते तिने हातातून काढून घेऊ नये. पाथर्डी फाट्याकडील सदनिकेत दोघेही नोकरी करणारे पालक असतील तर वर सांगितलेली टोपली, एक लाकडी ठोकळ्यांचा संच आणि रविवारी माती इतके पुरेसे आहे. दोन भावंडांत अंतर असेल तर मातीला प्राधान्य द्यावे, कारण दोघेही एकाच गोळ्यावर आपापल्या वयाचे काम करू शकतात. मूल एका जागी बसतच नसेल तर निवडण्याची आणि जुळवण्याची कामे काही महिने पुढे ढकलावीत आणि बादलीतून झाडांना पाणी घालणे, भाजीची पिशवी उचलून आणणे, फरशी पुसणे अशी अंगमेहनतीची कामे द्यावीत. त्यांतून शरीर शांत झाले की बोटांची कामे जमू लागतात.

सुरक्षिततेचा मुद्दा चारही पर्यायांना लागू होतो. तीन वर्षांखालील मुलाजवळ कडधान्ये, मणी किंवा नाणी ठेवू नयेत आणि त्यानंतरही दाणे नाकात-कानात घालण्याची सवय दिसली तर ते काम थांबवावे. नाशिकमध्ये द्राक्षांच्या हंगामात घरोघरी घड येतात, ते धुणे आणि मणी तोडणे हे मुलांसाठी उत्तम काम आहे. परंतु पाच वर्षांखालील मुलाला खाण्यासाठी अख्खे द्राक्ष कधीही देऊ नये, कारण ते घशात अडकून श्वास कोंडू शकतो. प्रत्येक मणी उभा चिरूनच त्याच्या वाटीत घालावा.