स्वस्तातला बायनोव्ह्युअर, आठ इंची डॉब आणि आठ महिने

चंद्रावरच्या प्लेटो विवराचा तळ लांबून गुळगुळीत दिसतो, पण त्यावर दोन-तीन किलोमीटर रुंदीची काही बारकी विवरं आहेत. एका डोळ्याने मला त्यातली दोन दिसायची, तिसऱ्याची कधी खात्री वाटली नाही. बायनोव्ह्युअर, म्हणजे दुर्बिणीतला प्रकाश दोन भागांत वाटून दोन्ही डोळ्यांनी बघू देणारं उपकरण, लावायला लागल्यापासून तिसऱ्या आठवड्यात, हवा अगदी स्तब्ध असलेल्या एका रात्री, चार दिसली. चौथं दिसायला वीस मिनिटं बसावं लागलं. दुर्बीण तीच, आरसा तोच. फरक एवढाच, की एक डोळा मिटून, मान अवघडून वीस मिनिटं मी याआधी कधी बसूच शकलो नव्हतो. आठ महिन्यांनंतरही या उपकरणाबद्दल मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

माझ्याकडे आठ इंची डॉब्सोनियन आहे, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची न्यूटोनियन, आरशाची दुर्बीण: आरसा २०३ मिलिमीटरचा, फोकल लांबी १२०० मिलिमीटर, फोकसर (चित्र स्पष्ट करायला आत-बाहेर सरकणारी नळी) साधा. बायनोव्ह्युअर सगळ्यात स्वस्त गटातला, प्रिझमचं मोकळं तोंड २० मिलिमीटरचं. महागड्यांमध्ये हे तोंड २५ ते ३० मिलिमीटरपर्यंत जातं आणि किंमत त्याच्या कितीतरी पटींनी वाढते. न्यूटोनियन दुर्बीण असेल तर तो जास्तीचा खर्च बहुतेक वाया जातो असं माझं मत झालं आहे. त्याचं कारण फोकसमध्ये आहे.

बायनोव्ह्युअरच्या आत प्रकाशाला प्रिझममधून वळणं घेत सुमारे १०० मिलिमीटरचा जादा प्रवास करावा लागतो. तेवढाच फोकसर आत जायला हवा, आणि न्यूटोनियनचा फोकसर तेवढा आत जाऊच शकत नाही. पहिल्या रात्री बार्लो (मोठेपणा वाढवणारी जोड-काच) न लावता बघितलं. फोकसर पार टेकला तरी चंद्र म्हणजे एक उजळ, धुरकट गोळा. यावर एक उपाय मुख्य आरसा नळीत पुढे सरकवण्याचा आहे. पण मग नळीतल्या छोट्या, दुय्यम आरशावर पडणारा प्रकाशाचा शंकू रुंद होतो आणि तो आरसा लहान पडू लागतो. शिवाय त्यासाठी चांगल्या चालणाऱ्या दुर्बिणीला भोकं पाडायची माझी तयारी नव्हती. म्हणून सोपा मार्ग घेतला: बायनोव्ह्युअरच्या पुढच्या नळीत बार्लोची काच फिरवून बसवली. फोकस लगेच मिळाला, पण त्याची किंमत मोठेपणाच्या रूपात मोजावी लागते. बार्लोवर लिहिलेला आकडा इथे लागू होत नाही, कारण काच आणि आयपीस (डोळा लावायचं भिंग) यांच्यातलं अंतर नेहमीपेक्षा वाढलेलं असतं.

खरा आकडा काढायची रीत सोपी आहे. मृगाच्या बाणातला मिंटाका हा तारा खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे. दुर्बीण हलवायची नाही, आणि हा तारा दृश्यवर्तुळाच्या मधोमध एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला किती सेकंद घेतो ते मोजायचं. चार सेकंदाला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, असा हिशेब. २५ मिलिमीटरच्या प्लॉसल या नेहमीच्या प्रकारच्या आयपीसमधून मला १०० सेकंद मिळाले, म्हणजे २५ कला. या आयपीसचा फील्ड स्टॉप (दृश्यवर्तुळाची कड ठरवणारी आतली कडी) सुमारे २१ मिलिमीटरचा, त्यावरून दुर्बिणीची परिणामी फोकल लांबी २९०० मिलिमीटरच्या आसपास निघते. म्हणजे बार्लो २.४ पट काम करतोय आणि सगळ्यात कमी मोठेपणा सुमारे ११५ पट. पूर्ण चंद्रही मावत नाही. कृत्तिका तर विसराच.

आणि एवढी फोकल लांबी झाल्यावर मोठ्या तोंडाच्या प्रिझमचा उपयोग राहतो कुठे? ३२ मिलिमीटरच्या प्लॉसलचा फील्ड स्टॉप २७ मिलिमीटरचा असतो, तो या छोट्या प्रिझमने कडेला अंधारतो हे खरं. पण २५ च्या जोडीला मला कड काळवंडलेली जाणवत नाही, आणि त्यापेक्षा छोट्या आयपीसना तर काहीच अडचण नाही. श्मिट-कासग्रेन किंवा माक्सुटोव्ह या भिंग-आरसा मिश्र दुर्बिणीवाल्यांचं गणित थोडं वेगळं. तिथे आतला आरसा सरकतो, त्यामुळे बार्लोशिवाय फोकस मिळतो.

स्वस्त उपकरणाचा धोका प्रिझमच्या आकारात नाही, कॉलिमेशनमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंची चित्रं एकमेकांवर जुळण्यात आहे. मला आधी आलेला नग सदोष होता. दोन गुरू दिसत, एक वर आणि एक किंचित खाली. डोळे ओढून ते एकत्र यायचे, पण दहा मिनिटांत कपाळ ठणकायला लागायचं. आधी वाटलं सवय होईल. ती होत नाही. आडवा फरक डोळे थोडाफार सांभाळून घेतात, उभा फरक मात्र जवळजवळ सोसत नाहीत. तो नग परत केला, दुसरा चांगला निघाला. नग हातात आल्या दिवशीच उजेडात दूरच्या एखाद्या आडव्या तारेवर किंवा गच्चीच्या कठड्यावर बघा: दोन्ही बाजूंना ती रेघ एकाच उंचीवर हवी. मग रात्री ताऱ्यावर, जास्त मोठेपणाने. परत करायची मुदत असेपर्यंत हे उरकाच.

नगाला दोष देण्याआधी आयपीस कसे बसलेत तेही तपासावं. एकाच स्क्रूने आवळलं की आयपीस तिरका होतो, आणि नळीवर खाच असेल तर आणखीच. सगळीकडून सारखं आवळणारी कडी असलेलं मॉडेल मिळालं तर थोडे जास्त पैसे तिथे घालवावेत, ते सत्कारणी लागतात. आयपीसची जोडी एकसारखीच हवी. रुंद आयपीस घेताना दोन बाहुल्यांमधलं अंतर आधी मोजा. माझं ६२ मिलिमीटर आहे, म्हणजे त्याहून जाड अंगाचे दोन आयपीस शेजारी बसूच शकत नाहीत, आणि नाकालाही जागा लागतेच. दहा मिलिमीटरच्या प्लॉसलची जोडी घेऊ नका. डोळा जेमतेम सात मिलिमीटरवर ठेवावा लागतो, पापण्या काचेला लागतात आणि दोन्ही काचांवर वाफ धरते.

फोकसचा क्रम ठरलेला ठेवा. आधी एका बाजूने फोकसर फिरवून घ्यायचा, मग दुसरा डोळा उघडून त्या बाजूची फक्त डायॉप्टर कडी (एकाच बाजूचा फोकस जुळवणारी). उलटसुलट केलं की दोन्ही बाजू कायम थोड्या धूसर राहतात.

चंद्र आणि गुरू यांच्यासाठी हे उपकरण मी आता कोणाला देणार नाही. दोन्ही डोळ्यांना एकच चित्र मिळतं, म्हणजे खरी खोली त्यात नसते, तरीही कोपर्निकस विवराच्या कडा उभ्या राहिल्यासारख्या वाटतात. चंद्राचा झगझगाट दोन डोळ्यांत विभागला जातो, फिल्टर लागत नाही. १८ च्या जोडीने १६० पट होतात, आणि गुरूच्या पट्ट्यांमधली निळसर झालर मी पहिल्यांदा नीट तिथे बघितली. २४० पटीवर एका डोळ्याने बघताना डोळ्यातलेच तरंगणारे ठिपके फार छळायचे. १२ च्या जोडीने, दोन डोळ्यांत, ते जवळजवळ विरून जातात, कारण दोन्ही डोळ्यांतले ठिपके सारख्या जागी नसतात.

अंधुक वस्तूंच्या बाबतीत मात्र अपेक्षा ठेवू नका. प्रत्येक डोळ्याला निम्माच प्रकाश, म्हणजे पाऊण प्रतीचा तोटा (प्रत हे ताऱ्यांच्या तेजाचं माप). मेंदू त्यातला काही भाग भरून काढतो, सगळा नाही. शौरीतला एम १३ हा तारकागुच्छ सुंदर दिसतो, तारे सुटे होतात. एम ५७ या तेजोमेघाचं कडं छान दिसतं. पण एम ३३ सारखी पसरट, फिकी दीर्घिका एका डोळ्याने, कमी मोठेपणावरच बघावी. अमावास्येच्या आसपास माझा बायनोव्ह्युअर डब्यातच असतो.

वजनाचंही बघावं लागलं. जोडीसकट पाऊण किलोच्या वर भार पुढे येतो, क्षितिजाजवळ नळी खाली झुकायची. मागच्या टोकाला दोन चुंबकी वजनं चिकटवली आणि फोकसरचा ताणाचा स्क्रू थोडा आवळला, तेवढ्यावर भागलं. आणि खुर्ची, उंची बदलता येणारी. उभ्याने, वाकून या उपकरणातून बघण्यात निम्मा फायदा जातो.

बजेट ठरवताना मी पुन्हा करायचं झालं तर निम्मे पैसे बायनोव्ह्युअरला आणि निम्मे १८ च्या चांगल्या जोडीला ठेवेन. २५ ची जोडी वस्तू शोधायला लागते, पण बसून बघणं १८ वरच होतं. शुक्ल पक्षातल्या सप्तमी-अष्टमीला ती जोडी आधीच बसवून ठेवतो. त्या दिवशी चंद्रावरची उजेडाची कड तिथल्याच आल्प्स डोंगरांतल्या दरीजवळ असते, आणि त्या दरीच्या तळातली बारीक घळ मला अजून नीट दिसायची आहे.