जुन्या ल्यूरच्या पेटीला आतून काय लावावं? मेणविरहित शेलॅकचा रिव्ह्यू

लाकडी पेटी घरी बनवली की बहुतेक जण बाहेरच्या चकाकीवर वेळ घालवतात आणि उरलंसुरलं पॉलिश आत फिरवून मोकळे होतात. खिळे-स्क्रू ठेवायचे असतील तर तेही चालतं. पण मासेमारीचे जुने, रंगवलेले लाकडी ल्यूर (माशाला भुलवायची खोटी आमिषं) ठेवायचे तर आतली बाजू जास्त महत्त्वाची, कारण झाकण लागल्यावर लाकडातून आणि पॉलिशमधून सुटणाऱ्या वाफा तिथेच कोंडून राहतात. या कसोटीवर मेणविरहित शेलॅक फ्लेक्स (लाखेच्या राळेचे पातळ तुकडे, स्पिरिटमध्ये विरघळवून लावायचे) इतर नेहमीच्या पर्यायांपेक्षा सरस ठरतात. बाहेरून मात्र त्यांची कामगिरी बेताचीच.

आधी इतरांचं काय बिनसतं ते बघू. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन शोषत सुकतं आणि सुकताना आम्लयुक्त वाफा सोडतं. बंद पेटीत त्याचा वास महिनोन्‌महिने जात नाही, पितळी भाग काळवंडतात. (तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.) ऑइल बेस पॉलियुरेथेन दुसऱ्या दिवशी हाताला कोरडं लागतं, पण पुरतं पक्कं व्हायला काही आठवडे घेतं. तोवर ल्यूर ठेवलात तर त्याचा रंग खणाच्या तळाला चिकटतो आणि उचलताना टवका निघतो. शेलॅकमधलं स्पिरिट उडून गेलं की मागे फक्त राळेचा थर उरतो, म्हणून त्याचा वास लवकर जातो.

मिश्रण स्वतःच करा. तयार डब्यातला माल किती जुना आहे हे कळत नाही. २५० मिली तीव्र इथेनॉलला, म्हणजे स्पिरिटला, ६० ग्रॅम फ्लेक्स, हे ब्रशने मारायचं प्रमाण. पहिला हात पातळ हवा, त्यासाठी त्याच मापाला ३० ग्रॅम पुरे. काचेची बरणी घ्या, झाकण प्लॅस्टिकचं. शेलॅक लोखंडाला लागलं की काळं पडतं. अधूनमधून हलवत रात्रभर ठेवलं की विरघळतं. मग कापडातून गाळून बरणीवर तारीख लिहा, कारण साधारण सहा महिन्यांनंतर भरवसा नाही. शंका आली तर काचेवर थेंब टाका. दुसऱ्या दिवशी नखाची खूण उमटली तर ते मिश्रण कधीच धड सुकणार नाही. फेकून द्या.

शक्य असेल तर पेटी जोडायच्या आधीच आतल्या बाजूंना पॉलिश करा, सांध्याच्या जागी टेप लावून. जोडलेल्या पेटीच्या कोपऱ्यात शेलॅक साचून ओघळ येतात आणि ते घासायला हात पोचत नाही. लाकूड १८० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. ब्रश मऊ केसांचा, भरलेला, आणि एकाच फेरीत पुढे न्यायचा. शेलॅक काही मिनिटांतच धरायला लागतं, त्यामुळे मागे फिरलात की ब्रश ओढतो आणि चरे राहतात. पहिल्या हातानंतर लाकडाचे तंतू उभे राहतात. तासाभराने ३२० नंबरने हलकं घासून बघा: कोरडी पांढरी भुकटी निघाली तर पुढचा हात द्या, पेपरवर चिकट गोळ्या धरल्या तर अजून थांबा. आतून तीन हात पुरतात. दमट हवेत पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते. घाबरू नका, कोरड्या दिवशी स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेलं फडकं झरकन फिरवलं की सहसा जाते.

आता उणिवा. पाण्याचा थेंब बराच वेळ राहिला तर डाग पडतो, अल्कोहोल सांडलं तर थर विरघळतो, अमोनियावालं क्लीनर थर खराब करतं, आणि उन्हात तापलेल्या गाडीत तो मऊ पडतो. म्हणून बाहेरून शेलॅकचा एक हात आणि त्यावर पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्या. मेणविरहित मालाचा आग्रह यासाठीच: साध्या शेलॅकमधल्या मेणावर पॉलियुरेथेन नीट धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. झाकणाला दोन्ही बाजूंनी थर हवाच. एकच बाजू कोरी राहिली तर ती दमटपणा जास्त घेते आणि फळी वाकते.

कुठलंही पॉलिश चुकीच्या लाकडावर पांघरूण घालू शकत नाही. ओक ॲसेटिक आम्ल सोडतं, त्यामुळे शिशाच्या वजनांवर पांढरी भुकटी धरते. सुवासिक लाल सीडरच्या तेलकट वाफांनी जुना रंग मऊ पडतो. पॉप्लर किंवा महॉगनी त्या मानाने सौम्य. अस्तरासाठी लोकर आणि रबर नको, दोन्हींतून गंधक सुटतो. धुतलेलं, न रंगवलेलं सुती कापड किंवा पॉलिथिन फोम चांगला. आमिष म्हणून वापरायचे मऊ प्लॅस्टिकचे किडे या पेटीत अजिबात ठेवू नका. त्यांच्यातलं प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन) शेजारच्या ल्यूरचा रंग विरघळवतं. सेल्युलॉइडचे (एक जुनं प्लॅस्टिक) ल्यूरही वेगळे ठेवा. ते खराब होताना आम्ल सोडतात आणि शेजारचे गळ गंजवतात.

बिजागऱ्या पॉलिशनंतरच लावा. पितळी स्क्रू कडक लाकडात तुटतात, म्हणून भोक पाडून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्या. मग पेटी आठवडाभर उघडी ठेवा, दोन दिवस बंद करा आणि उघडल्या उघडल्या वास घ्या. वास आला तर अजून आठवडा. संग्रह मौल्यवान असेल तर ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडलेली चाचणी बघा: चांदी, तांबं आणि शिशाचे तुकडे संबंधित सामानासोबत दमट बंद बरणीत ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवतात आणि धातू खराब होतो का ते बघतात. घरी एवढा काटेकोरपणा जमत नाही, पण पॉलिश केलेली ढलपी, घासून लख्ख केलेली तांब्याची तार आणि ओला कापूस बरणीत घालून उबदार जागी महिनाभर ठेवता येतो. नुसत्या कापसाबरोबर तशीच तार घालून दुसरी बरणी शेजारी ठेवा, म्हणजे फरक पॉलिशचा की नुसत्या दमटपणाचा, हे कळेल.