टॅली क्लाउडवर नेताना माझी झालेली फसवणूक

सांगलीच्या गणपती पेठेत आमचं किराण्याचं घाऊक दुकान आहे. हिशोब टॅली या सॉफ्टवेअरमध्ये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट, यावरून काय ते समजा. साखर आणि डाळींची पोती गेली, तसा गल्ल्याशेजारचा कॉम्प्युटरही चिखलात गेला. २०२१ च्या जुलैत परत पूर आला तेव्हा नवा कॉम्प्युटर वेळेत माळ्यावर चढवला, पण धास्ती बसली ती बसलीच. त्यामुळे "टॅली क्लाउडवर टाका, दुकानात पाणी शिरलं तरी हिशोबाला धक्का नाही," म्हणजे इंटरनेटवरून उघडता येणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरवर (सर्व्हरवर) ठेवा, असं कुणी म्हटल्यावर मला ते लगेच पटलं. आजही पटतं. हे वाचून कुणी क्लाउडला भिऊ नये म्हणून आधीच सांगून ठेवतो.

हे सांगणारा माणूस परका नव्हता. सहा-सात वर्षं आमचा प्रिंटर दुरुस्त करायला, कार्ट्रिज भरून द्यायला तोच यायचा. २०२३ च्या मार्चअखेरीची खाती बंद झाली आणि त्याने आमचा डेटा पेनड्राइव्हवर घेतला. तीन वर्षांचे ३२,००० रुपये एकरकमी मागितले, तेही स्वतःच्या मोबाइल नंबरवर. "बिल नंतर देतो," म्हणाला. ते आजवर आलेलं नाही. "लायसन्सचा ईमेल बदलावा लागेल, सर्व्हरवर चढवायचंय," असंही म्हणाला आणि माझ्याच फोनवर आलेला ओटीपी मी त्याला वाचून दाखवला. माझ्या पैशाने घेतलेलं टॅलीचं लायसन्स त्या क्षणी त्याच्या ईमेलवर, म्हणजे त्याच्या ताब्यात गेलं. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

पहिले महिने छान गेले. रात्री जेवून घरीच लॅपटॉप उघडायचा, आयकॉनवर क्लिक केलं की दुकानातलं टॅली समोर. कुणाकडे किती उधारी, कुठल्या गाडीचा माल उतरला, सगळं दिसायचं. रोज रात्री ११ वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज यायचा, 'बॅकअप सक्सेसफुल'. तो मेसेज बघून मी निवांत झोपायचो. बिलाची दुसरी प्रत फाइलला लावायची पद्धतसुद्धा त्याच भरात बंद केली. दिवाणजींना म्हटलं, "काका, आता वही कशाला लिहिताय?" ते हसले आणि रोजमेळ, म्हणजे रोजच्या रोख जमाखर्चाची वही, लिहीतच राहिले.

दिवाळीच्या आसपास एका संध्याकाळी टॅलीतली कंपन्यांची यादी (ज्यांचे हिशोब त्यात आहेत त्यांची नावं) उघडली, तर आमच्या नावाच्या खालच्या ओळीत मिरजेच्या एका औषध विक्रेत्याचं नाव. मी पाहतच राहिलो. त्यांचं नाव मला दिसतंय, म्हणजे आमचं त्यांना दिसत असणार. आमच्या प्रिंटरवाल्याला फोन केला. "सेटिंग राहिलं होतं साहेब, करतो," म्हणाला. तासाभरात नाव गेलं आणि मी विषय सोडला. तिथेच थांबायला हवं होतं. पाच-दहा व्यापाऱ्यांचे हिशोब त्याने एकाच भाड्याच्या मशीनवर (सर्व्हरवर) कोंबले होते आणि मध्ये साधं कुलूपही नव्हतं. हे त्या एका नावातून दिसत होतं, मला वाचता आलं नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत, १७ तारखेला सकाळी आयकॉन उघडेना. त्याचा फोन बंद. दुपारी लागला तेव्हा म्हणाला, "व्हायरस आलाय, दोन दिवस द्या." चार दिवसांनी म्हणाला, डेटा काढून द्यायचा तर १५,००० लागतील. मी तेही भरले. त्याने पेनड्राइव्ह आणून दिला. दिवाणजी आणि मी शेजारी बसून तो उघडला. शेवटची नोंद ३१ मार्च २०२३ ची. त्याने पहिल्या दिवशी नेलेला तोच डेटा होता तो, नंतरच्या साडेदहा महिन्यांतलं एक बिलही त्यात नव्हतं. रोजचा बॅकअप त्याच मशीनवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये पडत होता. मशीनचं भाडं त्याने थकवलं आणि भाड्याने देणाऱ्यांनी ते पुसून टाकलं. हे त्याने नंतर माझ्यासमोर आणि मिरजेच्या त्या गृहस्थांसमोर कबूल केलं. आमच्या दोघांचे पैसे त्याच्याकडे आगाऊ जमा होते, तरी.

जीएसटीचं निभावलं. जानेवारीचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) आधीच भरलेलं होतं, खरेदी २बी मध्ये (पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या खरेदीच्या पत्रकात) दिसत होती, त्यावरून सीएंनी २० तारखेच्या आत ३बी (कर भरायचं मासिक विवरण) भरून टाकलं. खरा घाव उधारीला बसला. आमचं निम्मं गिऱ्हाईक खेड्यातली छोटी दुकानं, जीएसटी नंबर नसलेली. अशा विक्रीचा जीएसटीच्या पोर्टलवर एकत्रित आकडा जातो, कुणाला कितीचं बिल केलं ते तिथे नसतं. वसुली दिवाणजींच्या रोजमेळात सापडली, यूपीआयची बँकेच्या उताऱ्यात सापडली. पण रोजमेळात उधारीची विक्री येत नाही, आणि बिलाच्या प्रती आम्ही ठेवल्या नव्हत्या. मग मी आणि मुलगा गाडी काढून दुकान-दुकान फिरलो. कवठेमहांकाळकडच्या एका आजीने डब्यातून आमचीच बिलं काढून पुढ्यात ठेवली, सुतळीत ओवलेली, एकही न हरवता. मला बोलायला शब्द सुचेना. अंदाजे ९ लाखांच्या उधारीपैकी ७ लाखांच्या आसपास असं जमलं. बाकीचं मागायला माझ्याकडे कागद नाही.

सायबर पोलिसांकडे गेलो तेव्हा करार आणि बिल मागितलं. दोन्ही नव्हतं. त्याच्या खात्यावर गेलेल्या पैशांचे पुरावे आणि ते व्हॉट्सअ‍ॅप मेसेज तेवढे होते, ते दिले. असले मेसेज कुणीही पुसू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधल्या कलम ४३ खाली नुकसानभरपाई मागता येते आणि ते प्रकरण राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतं, हे वकिलांकडून कळलं. तो अर्ज केलाय. सीएंनी आणखी एक दाखवलं: जीएसटीच्या नियम ५७ प्रमाणे बॅकअप ठेवायची जबाबदारी व्यापाऱ्याची, आणि हिशोब वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे. उद्या नोटीस आली तर उत्तर मला द्यायचंय, त्याला नाही. लायसन्स मूळ खरेदीचं बिल जपून ठेवलेलं होतं म्हणून बऱ्याच खटपटीनंतर परत माझ्या ईमेलवर आलं.

आता परत क्लाउडवरच आहोत. पण सर्व्हरचं खातं माझ्या नावाने, माझ्या ईमेलवर, ओटीपी माझ्या फोनवर, भाडं फर्मच्या बँक खात्यातून आणि दर महिन्याला जीएसटीचं बिल. काम करणाऱ्या मुलाला वेगळं लॉगिन दिलंय, ते मी कधीही बंद करू शकतो. तुमचा माणूस यातल्या एकाही गोष्टीला "ते टेक्निकल आहे, माझ्याकडेच राहू द्या" म्हणाला, तर पैसे देऊ नका, कितीही वर्षांची ओळख असो.

दर शनिवारी दुकान वाढवल्यावर माळ्यावरचा जुना लॅपटॉप खाली घेतो. त्याला इंटरनेट जोडलेलं नाही. आठवड्याचा बॅकअप त्यावर उघडतो, दिवाणजी आता ठेवतात त्या उधारीच्या वहीतली कुठलीही तीन नावं सांगतात आणि मी बाकी वाचून दाखवतो. परवा तिसरं नाव त्या आजींच्या दुकानाचं निघालं. बाकी ४,२६० रुपये. वहीत तेवढीच होती.